तीसपैकी १९: लालबागच्या एका खाणावळवाल्या मावशींच्या स्मृतीचं मोजमाप

फाइलमधला पहिला कागद एका मोफत स्मृती-तपासणी शिबिरातला छापील फॉर्म आहे. वय ६९, स्त्री. खाली लाल पेनाने १९/३०, आणि त्याखाली ‘डिमेन्शिया, मध्यम’, म्हणजे मध्यम स्मृतिभ्रंश. दुसरा कागद डोनेपेझिल या त्यावरच्या गोळीचं प्रिस्क्रिप्शन. तिसरा त्यानंतर सहा आठवड्यांचा: लघवीला सारखं जावं लागतं म्हणून ऑक्सिब्युटिनिन. चौथ्या कागदावर मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘औषध सुरू केल्यापासून आई जास्तच गोंधळलेली वाटते.’

सुरुवातीलाच सांगून टाकतो की हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. याच वळणाची माणसं परळ-लालबागकडच्या ओपीडीत पुन्हा पुन्हा येतात. त्यांचे तपशील एकत्र गुंफून ही एक फाइल उभी केली आहे आणि रुग्णाचे आकडेही त्याच बेताचे ठेवले आहेत. संशोधनाचे जे आकडे येतील, ते मात्र प्रसिद्ध झालेले आहेत.

मावशी (चाळीत सगळे हेच म्हणत, ओपीडीतही तेच नाव पडलं) मालवणकडच्या. शाळा तिसरीपर्यंत. यजमान गिरणीत बदली कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्या घरात पगार म्हणून पुन्हा काही आलंच नाही. मग मावशींनी खाणावळ काढली. पंधरा-वीस मेंबरं, महिन्याचा हिशोब आणि प्रत्येकाचे खाडे तोंडपाठ. वही होती, पण ती मुलगा शाळेत गेल्यावर आली. तीन वर्षांपूर्वी चाळ पडली, टॉवर उभा राहिला आणि मावशी बाविसाव्या मजल्यावर गेल्या. मधुमेह बारा वर्षांचा. तळपायांची आग चार वर्षांची, आणि त्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलिन.

तक्रारी आठ महिन्यांच्या. तोच प्रश्न दोनदा विचारतात. दोनदा गॅस चालू राहिला. आणि घरच्यांची झोप उडवणारी गोष्ट: करी रोडहून दादरला बहिणीकडे निघालेल्या मावशी घाटकोपरच्या फलाटावर सापडल्या. घाम फुटलेला, बोलणं तुटक. फलाटावरच्या चहावाल्याने गोड चहा पाजला, त्यांच्या फोनवरून मुलाला लावून दिला. मुलगा पोहोचेपर्यंत मावशी शुद्धीवर आलेल्या, उलट त्यालाच ‘कामावरून कशाक इलस?’ म्हणून विचारत होत्या. शिबिराच्या फॉर्मवर या साऱ्याचे दोनच शब्द झाले: ‘रस्ता चुकतात’. चहाचा उल्लेख नाही.

अकरा गुण कुठे गेले

शिबिरात वापरलेली चाचणी म्हणजे एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन). फोल्स्टाइन दांपत्य आणि पॉल मॅकह्यू यांनी ती १९७५ मध्ये मांडली, ती अमेरिकेतल्या मनोरुग्ण विभागात खाटेशेजारी बसून दहा मिनिटांत अंदाज घेण्यासाठी. २४ पेक्षा कमी म्हणजे संशय, हा आकडा पुढे सगळीकडे रूढ झाला. चाचणी वाईट नाही. पण बेरीज करून टाकली की ती मुकी होते. म्हणून आम्ही शिबिराचा मूळ फॉर्म मागवला आणि गेलेले अकरा गुण एकेक करून पाहिले.

तारीख आणि सन चुकले, दोन गुण. जिल्हा विचारला तेव्हा ‘मुंबई’ म्हणाल्या. तपासनिसाला ‘मुंबई शहर’ हवं होतं म्हणे, गेला एक. (पश्चिम उपनगरातला किती टक्के पदवीधर आपला जिल्हा बिनचूक सांगेल, हे एकदा करून पाहण्यासारखं आहे.) शंभरातून सात-सात वजा करताना त्र्याण्णवनंतर थांबल्या, चार गुण गेले. वाचून कृती करा, वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा, या तिन्हींत मिळून तीन. आणि थोड्या वेळाने तीन शब्द आठवून सांगा, यात दोन आले, एक गेला.

म्हणजे ज्या स्मृतीसाठी शिबिर भरलं होतं, तिच्या खात्यावर अकरापैकी एक गुण. सात गुण वजाबाकी, अक्षर आणि चित्राचे, म्हणजे बहुतांशी शाळेचे. उरलेले तीन दिशाभानाचे, आणि ते मी हलके समजत नाही. सन चुकणं ही खरी खूण असू शकते. पण याच बाईंना तिथी विचारली तर त्यांनी मार्गशीर्ष वद्य तृतीया सांगितली, पुढे ‘उद्या चतुर्थी, तारीख कित्याक होयी?’ असा उलट सवालही केला. त्या दिवशी तृतीयाच होती.

शाळेचा हा परिणाम काही नवा शोध नाही. १९९३ मध्ये क्रम आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १८,०५६ प्रौढांचे एमएमएसईचे गुण वय आणि शिक्षणानुसार मांडले. नऊ किंवा जास्त वर्षं शाळेत गेलेल्यांचा मध्यक २९, पाच ते आठ वर्षं गेलेल्यांचा २६, आणि चार वर्षांपर्यंतच गेलेल्यांचा २२. म्हणजे अमेरिकेतसुद्धा तिसरीपर्यंत शिकलेल्या निम्म्या माणसांना २२ किंवा कमी मिळत होते, आणि ती सगळी काही स्मृतिभ्रंशाची रुग्ण नव्हती. मावशींचे १९ या गटात ठेवले तर मध्यकापेक्षा तीन खाली. चिंता करावी इतकं आहे, ‘मध्यम डिमेन्शिया’ म्हणावं इतकं नाही.

आपल्याकडेही यावर काम झालंय. हरयाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या वृद्धांसाठी, ज्यांतले बहुतेक निरक्षर होते, मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी मुळातून नव्याने बेतली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात ‘डोळे मिटा’ हे वाचून करायचं नाही. समोरचा डोळे मिटतो, त्याच्याकडे पाहून तसंच करायचं. वाक्य लिहायचं नाही, आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. लक्ष तपासायला वार उलटे म्हणायचे. तीस वर्षांहून जुनं काम आहे. तरी शिबिरांत अजून पंचकोनच काढायला लावतात, कारण तो फॉर्म झेरॉक्सच्या दुकानात तयार असतो.

माप बदललं की रोगाचा आकडाही बदलतो, हे मुंबईकरांनी लक्षात ठेवावं असं उदाहरण आहे. मुंबईत २४ हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीवर आधारित, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण २.४४ टक्के निघालं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी लासी-डॅड अभ्यासात ६० वर्षांवरच्यांत ते ७.४ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. मधल्या काळात लोकसंख्या म्हातारी झाली हे खरं. पण गाळणी वेगळी, चाचण्या वेगळ्या, निदान ठरवण्याची रीत वेगळी. दोन आकडे शेजारी ठेवून ‘रोग तिप्पट झाला’ असं म्हणता येणार नाही.

पुन्हा मोजलं

दुसऱ्यांदा तपासताना सकाळची वेळ घेतली. न्याहारी झालेली, चष्मा बरोबर, आणि चाचणीआधी ग्लुकोमीटरवर साखर १३२. कान तपासले तर चांगल्या कानाची श्रवणमर्यादा ४६ डेसिबल निघाली, म्हणजे मध्यम बहिरेपण. घरच्यांनी त्याला ‘आई लक्ष देत नाही’ असं नाव दिलं होतं. गळ्यात अडकवायचा एक साधा ध्वनिवर्धक दिला आणि मगच सुरुवात केली.

बल्लभगडच्या पद्धतीने २४ गुण आले. इथे मुलाचा चेहरा खुलला, ‘म्हणजे पाच वाढले!’ वाढले नव्हते. पट्टीच दुसरी होती, आणि दोन पट्ट्यांवरचे आकडे एकमेकांतून वजा करायचे नसतात. आम्हाला त्या २४ पेक्षा बाजूच्या नोंदी जास्त कामाच्या वाटल्या.

खाड्यांचा हिशोब घातला. महिन्याचे अठराशे, तीस दिवस, चार खाडे, किती द्यायचे? सेकंदभर न थांबता ‘पंधराशे साठ’, आणि वर ‘पण माझ्याकडे तीनाच्या आत खाडा धरत नव्हते.’ शंभरातून सात वजा न करू शकलेली हीच बाई. प्राण्यांची नावं एका मिनिटात सात आली. माशांची विचारली तर बांगडा, पेडवे, तारली, मांदेली, बोंबील, सुरमई, कर्ली, मोरी असं करत सतरावर गेल्या. ऐकायला हे फार छान वाटतं आणि इथेच सावध राहावं लागतं. माशांच्या यादीला नॉर्म नाहीत. लालबागमधल्या ६९ वर्षांच्या निरोगी मालवणी बाईला किती मासे आठवतात, हे कुणी मोजलेलं नाही. कदाचित पंचवीस. मावशींना सतरा आठवले यावरून त्यांची भाषा शाबूत आहे एवढंच म्हणता येतं. घसरण झालेली नाही असं नाही.

आणि घसरण होती. दहा शब्दांची यादी तीनदा ऐकवली, मध्ये दुसरं काम दिलं, मग विचारली, तर फक्त दोन शब्द आले. मात्र ते शब्द नव्या शब्दांत मिसळून ‘यातला ऐकलेला कोणता?’ असं विचारल्यावर दहापैकी आठ ओळखले, आणि न ऐकलेला एकही ‘ऐकला’ म्हणाल्या नाहीत. शब्द आत गेला होता, बाहेर काढताना अडत होता. अल्झायमरमध्ये सुरुवातीपासून बहुधा आत जाण्यातच खोट असते, तेव्हा ओळखूनही फारसं सुधारत नाही. औषधांची गुंगी, नैराश्य, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार यांत असं बाहेर काढण्याचं अडणं जास्त दिसतं. ‘जास्त दिसतं’ इतकंच. यावरून कुणा एकाचं निदान ठरत नाही.

नैराश्याची पंधरा प्रश्नांची वृद्धांसाठीची प्रश्नावली केली, पाच गुण, म्हणजे सीमेवर. चाळीचा सार्वजनिक नळ, जिना, दारात बसणं हे सगळं एका दमात गेलेल्या बाईकडून ‘तुम्हाला आयुष्य रिकामं वाटतं का?’ याचं उत्तर काय अपेक्षित होतं, कोण जाणे.

कालनिर्णयची मागची बाजू

या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी साधन सूनबाईंनी आणलं. दुधाचा हिशोब जिथे लिहितात त्याच कालनिर्णयच्या पानांवर त्या सासूबाईंच्या ‘वाईट दिवसां’ना फुली मारत होत्या आणि जमेल तेव्हा वेळही लिहीत होत्या. आठ महिन्यांची पानं टेबलावर पसरली. सरळसोट स्मृतिभ्रंशात फुल्या हळूहळू दाट होत जाव्यात. इथे तसं नव्हतं. फुल्या झुपक्याने होत्या, बहुतेक सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या मधल्या, आणि घाटकोपरच्या दिवसासकट बऱ्याचशा संकष्टीच्या किंवा मंगळवारच्या.

संकष्टीचा उपवास चंद्रोदयाला सुटतो. तोवर मावशी चहा आणि एखादं केळं. सकाळची मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतलेली, कारण ‘डॉक्टरांनी गोळी चुकवू नका म्हटलं होतं.’

पुढच्या संकष्टीला सूनबाईंना ग्लुकोमीटर दिला. दुपारी साडेबाराला मावशी दुसऱ्यांदा ‘आज कोण येणार आहे?’ म्हणाल्या तेव्हा बोटातून रक्त काढलं. साखर ५२. साखरपाणी दिल्यावर वीस मिनिटांत प्रश्न थांबले.

उपवास करू नका, हे सांगून झालं. त्यावर मावशींनी मान हलवली. ती मान होकाराची नव्हती हे आम्हाला आणि सूनबाईंना दोघांनाही कळलं.

साखरेचं मापही वाकडं

मग प्रश्न असा की ती गोळी आली कुठून. बारापैकी दहा वर्षं मावशी फक्त मेटफॉर्मिनवर होत्या. वर्षापूर्वी एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ७.९ आलं आणि ग्लिमेपिराइड जोडली गेली, जी पोट रिकामं असलं तरी साखर खाली ढकलते. एकतर या वयात, इतर आजार असताना, ७.९ च्या मागे धावायची गरज कितपत होती हा वाद आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनातसुद्धा अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी आठच्या आत चालतं. दुसरं, ते ७.९ खरं होतं का?

एचबीएवनसी म्हणजे लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी सुमारे १२० दिवस जगते या गृहीतावर तो आकडा उभा आहे. लोह किंवा बी-१२ कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात म्हाताऱ्या पेशींचा वाटा वाढतो, त्यांना साखर चिकटायला जास्त दिवस मिळतात आणि आकडा वर सरकतो. मावशींचं हिमोग्लोबिन ९.६ होतं. पेशींचा सरासरी आकार ८८, म्हणजे अगदी ‘नॉर्मल’, त्यामुळे रिपोर्टवर त्यापुढे चांदणी नव्हती. खरं तर लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात, बी-१२ च्या कमतरतेने मोठ्या. दोन्ही एकत्र असली की सरासरी मध्यावर येऊन गप्प बसते. आकारांतली तफावत सांगणारी आरडीडब्ल्यू १९ होती, ती कुणी वाचली नव्हती. फेरिटिन (लोहाचा साठा) ९, बी-१२ १४२ निघालं, दोन्ही कमी.

दंडावर चौदा दिवसांचा सेन्सर लावला. सरासरी साखर १५२ आली. प्रचलित सूत्राने ७.९ म्हणजे सरासरी १८० असायला हवी होती, १५२ म्हणजे सातच्या जरा आत. सेन्सरही काही ब्रह्मवाक्य नाही, चौदा दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. पण सेन्सरच्या आलेखावर दुपारचे खड्डे डोळ्यांना दिसत होते. एचबीएवनसी सरासरी असल्यामुळे ते त्यात कधीच दिसले नसते.

इतक्यावर साखळी जुळवायचा मोह होतो. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, त्याने आतड्यातून बी-१२ चं शोषण कमी. त्याने तळपायांची आग, जिला मधुमेहाची आग समजून अमिट्रिप्टिलिन. त्या औषधाने मेंदूतल्या अॅसिटिलकोलिनला, म्हणजे स्मृतीला लागणाऱ्या रसायनाला आडकाठी, म्हणजे विसर आणि मांद्य. त्यावर शिबिरातले १९ आणि डोनेपेझिल, जे नेमकं अॅसिटिलकोलिन वाढवतं. त्याने मूत्राशय चाळवलं, त्यावर ऑक्सिब्युटिनिन, जे पुन्हा अॅसिटिलकोलिन अडवतं. एकाच बाईच्या पोटात दोन गोळ्या एकमेकींशी भांडतायत आणि दोन्हींचं बिल मुलगा भरतोय. हे शेवटचं जोडपं तर इतकं ओळखीचं आहे की कॅनडातल्या ऑन्टॅरिओत २००५ मध्ये त्यावर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: स्मृतिभ्रंशाच्या ज्या वृद्धांना डोनेपेझिलच्या जातीचं औषध मिळालं, त्यांना पुढे लघवीसाठी असं विरुद्ध औषध मिळण्याचं प्रमाण जास्त होतं.

पण साखळीतली पहिली कडी मला तितकी पक्की वाटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या (परळचं केईएम वेगळं) डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या पुरुषांत बी-१२ मोजलं होतं. दोन तृतीयांश लोकांत ते कमी, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. जी गोष्ट इतक्या जणांत कमी आहे, ती या एका बाईंतही कमी निघाली यात नवल काय? कमी आहे म्हणजे दुखणं त्याचंच, असं होत नाही. मावशी मासे खाणाऱ्या, त्यामुळे मेटफॉर्मिनवरचा संशय वाढतो, सिद्ध होत नाही. इंजेक्शनं दिलीच पाहिजेत, कारण १४२ मध्ये नसांना धोका आहे. पण ‘व्हिटॅमिन दिलं आणि डिमेन्शिया बरा झाला’ अशी बातमी घरी कुणी नेऊ नये, हे मुलाला स्पष्ट सांगितलं.

काय आधी बदललं

सगळं एकदम बदललं असतं तर मावशींना कदाचित लवकर बरं वाटलं असतं, पण कशाने ते कधीच कळलं नसतं. उलट एकेक करत बसलो असतो तर धोक्याचं औषध महिनाभर जास्त चाललं असतं. मधला मार्ग काढला. ग्लिमेपिराइड त्याच दिवशी बंद, इथे प्रयोगाला जागा नव्हती. डोनेपेझिल आणि ऑक्सिब्युटिनिन ही जोडी एकत्रच काढली, कारण एक काढून दुसरं ठेवणं म्हणजे तराजूचं एकच पारडं उचलणं. महिनाभर थांबलो. मग अमिट्रिप्टिलिन निम्मं, आणखी काही आठवड्यांनी बंद. बी-१२ ची इंजेक्शनं आणि लोह मात्र पहिल्या आठवड्यापासून चालू होतं, त्यामुळे त्याचा वाटा वेगळा काढणं अशक्यच झालं. श्रवणयंत्र तिसऱ्या महिन्यात आलं. त्यातही पहिले पंधरा दिवस ते कपाटात होतं.

कालनिर्णयवरच्या फुल्या ग्लिमेपिराइड बंद झाल्यानंतरच्या महिन्यात जवळजवळ थांबल्या. औषधं बदलल्यावर खात्रीने बोट ठेवता येईल असा परिणाम हा एकच. सकाळचं जडपण अमिट्रिप्टिलिन निम्मं झाल्यावर गेलं, असं मावशी म्हणतात. सूनबाई म्हणतात ते आधीच गेलं होतं. तळपायांची आग अजून आहे, कमी.

मुलाने विचारलं, या साखर उतरण्यानेच मेंदूला इजा झाली असेल का? उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अभ्यासाच्या आधारे दिलं. मधुमेहाच्या १६,६६७ वृद्धांची ती पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. इस्पितळात न्यावं लागेल इतकी साखर ज्यांची उतरली होती, त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त आढळलं. पण ज्याची स्मृती आधीच ढासळू लागली आहे, तोच गोळी दोनदा घेतो, जेवण विसरतो. आधी काय आणि नंतर काय हे अशा पाहणीतून सुटत नाही. शिवाय मावशींना इस्पितळात न्यावं लागलं नव्हतं.

पाच महिन्यांनी, त्याच खोलीत, सकाळच्याच वेळी, त्याच पद्धतीने २६ गुण. आधी २४. या चाचण्यांत दोन ते चार गुणांचा फरक निव्वळ मोजण्याच्या चढउतारात बसतो, आणि दुसऱ्यांदा बसणाऱ्याला प्रश्नांची ओळखही झालेली असते. म्हणून फाइलमध्ये ‘सुधारणा’ असं लिहिलं नाही, ‘घसरण नाही’ असं लिहिलं. दहा शब्दांची यादी (या वेळी वेगळ्या शब्दांची) दोनावरून तीनावर. ओळखलेले नऊ. एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराचे ठिपके, मध्यम प्रमाणात. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवणारा भाग, वयाच्या मानाने ठीक.

गुणांपेक्षा रोजच्या वागण्याला आम्ही जास्त वजन देतो, आणि तिथे एक छोटा प्रयोग झाला. मावशींनी एकटीने दादरला जायचं, सूनबाईंनी त्याच लेडीज डब्यात पण दूर बसायचं. दोनदा मावशी नीट उतरल्या, पूल चढून बाहेर गेल्या. तिसऱ्यांदा परतीची गाडी दुसऱ्या फलाटावर आली, तेव्हा अनाउन्समेंट ऐकूनही जुन्याच फलाटावर उभ्या राहिल्या. शेजारच्या बाईंना विचारून मग हलल्या. विचारलं, ही जमेची बाजू. घरात तांदूळ-डाळीचा हिशोब त्यांचाच, बिल भरणं मुलाचं, पण ते आधीपासूनच. गॅसची गोष्ट सूनबाईंनीच उलगडली: चाळीतल्या शेगडीला लायटर लागायचा, नव्या शेगडीचं बटण अर्धं फिरवलं की ज्योत इतकी बारीक होते की बंद वाटते. स्वतः सूनबाईंचाही एकदा तसाच राहिला होता.

हे सगळं सीडीआर (क्लिनिकल डिमेन्शिया रेटिंग) मापनात बसवलं. स्मृती, दिशाभान, निर्णय, बाहेरचे व्यवहार, घरकाम आणि स्वतःची निगा अशा सहा बाजू त्यात पाहतात, रुग्णाशी आणि त्याला ओळखणाऱ्याशी वेगवेगळं बोलून. शून्य म्हणजे निरोगी, एक म्हणजे सौम्य डिमेन्शिया. मावशींचं सीडीआर ०.५ आलं. फाइलवर आता ‘सौम्य बौद्धिक क्षीणता, बहुधा रक्तवाहिन्यांशी संबंधित’ असं आहे. शिबिराच्या लाल पेनाइतकं ठाम नाही. पण डिमेन्शिया म्हणायला रोजचं स्वावलंबन ढळावं लागतं, आणि ते ढळलेलं नाही.

मुलाची मागणी

मुलाला यात समाधान नाही. त्याने अल्झायमरची नवी रक्त-तपासणी वाचली आहे आणि नवीन इंजेक्शनंही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रक्तातल्या पी-टाऊ २१७ आणि अमिलॉइड या अल्झायमरशी निगडित प्रथिनांच्या गुणोत्तरावर आधारलेल्या तपासणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये, लक्षणं असलेल्या ५५ वर्षांवरच्या रुग्णांसाठी परवानगी दिली. मेंदूत अमिलॉइड साचलंय का याचा अंदाज तिने येतो. पण मूत्रपिंड मंद असलं तर पी-टाऊ वाढलेलं दिसू शकतं, आणि या वयात अमिलॉइड साचलेली पण लक्षणं दुसऱ्याच कारणाची, अशी माणसं कमी नसतात. शिवाय कुठल्या आकड्याला ‘जास्त’ म्हणायचं, हे मुख्यतः पाश्चात्त्य, बऱ्यापैकी शिकलेल्या लोकांवरून ठरलेलं आहे. एमएमएसईच्या बाबतीत हीच वाट आपण एकदा चाललो आहोत.

इंजेक्शनांबद्दलही त्याला आकडाच सांगितला. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत अठरा महिन्यांनी औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक सीडीआरच्याच अठरा गुणी बेरजेवर ०.४५ होता. फरक खरा आहे, योगायोगाचा नाही. तो घरात कळेल का, यावर जगभरचे तज्ज्ञ अजून भांडतायत. आणि त्या चाचणीत घेतलेच होते ते एमएमएसईत २२ ते ३० गुण असलेले. शिबिराच्या १९ वर मावशींना दारातूनच परत पाठवलं असतं.

तूर्त ठरलंय ते असं. रक्तदाब १३० च्या आसपास ठेवायचा, कारण एमआरआयमधल्या ठिपक्यांवर आज हातात असलेला खरा उपाय तोच. मेटफॉर्मिन चालू, बी-१२ वर्षातून एकदा मोजायचं. रक्त सावरल्यावर तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा, आणि ते आधीपेक्षा कमी आलं तर ‘साखर सुधारली’ असं न समजता सेन्सरशी ताडून पाहायचं. लोह-बी-१२ सुरू झाल्यावर तरुण पेशी वाढतात आणि आकडा उलट खालीही फसवू शकतो. संकष्टी चालू आहे. त्या दिवशी दुपारी राजगिऱ्याचा लाडू आणि दूध, एवढ्यावर तह झाला.

रक्त-तपासणीला आम्ही नाही म्हटलेलं नाही. सहा महिन्यांनी शब्दांची यादी आणखी घसरली, ओळखणंही ढासळू लागलं किंवा फलाटासारखे प्रसंग वाढले, तर त्या तपासणीच्या उत्तराने पुढचा निर्णय बदलेल, आणि तेव्हा ती करू. मुलाने ही अट लिहून मागितली. लिहून दिली.